सोंग आणि सनद : पुराणांतील अधर्मी राजांच्या कथांची प्रस्तावना

होळीची राख निवते न निवते तोच जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात बोहाड्याचे दिवस सुरू होतात, आणि फाल्गुनापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या रात्री सांबळाच्या ठेक्याने भारून जातात. टेंभ्यांच्या उजेडात गणपती येतो, मोरावर बसलेली शारदा येते, मारुती येतो. आणि रात्र जसजशी चढत जाते तसतशी, ज्यांच्या नावाने एरवी मुलांना भीती घालावी, अशी मंडळीही एकामागून एक पुढे येऊ लागतात. हिरण्यकशिपू येतो, भस्मासुर येतो, दहा तोंडांचा रावण येतो, आणि अखेरीस जगदंबेशी झुंजणारा महिषासुर येतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर अशा घरांतील माणसे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे ते मुखवटे मस्तकी धारण करतात. सोंग देवाचे असो की दैत्याचे, ते चढवण्यापूर्वी त्याची पूजा होते आणि नाचवून झाल्यावर ते तितक्याच अदबीने उतरवून ठेवले जाते. अनेक गावांत सोंगाचा मान ठरलेल्या घराकडे असल्यामुळे यंदा रावण कोण होणार हे सर्वांना आधीच ठाऊक असते, आणि तोच माणूस सकाळी उठून राब भाजायला शेताकडे जाणार आहे हेही ठाऊक असते.

वर्षानुवर्षे या रात्री पाहत असताना एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. ज्या राजांचा आपल्या पुराणांनी निःसंदिग्ध निषेध केला, त्यांची सोंगे हा समाज देवांच्याच मांडवात का उभी करतो, आणि तीही पूजा करून का? प्रस्तुत पुस्तक या प्रश्नाच्या मागे चालत चालत तयार झाले. वेन, हिरण्यकशिपू, नहुष, रावण, कंस इत्यादी राजांच्या कथा महाभारत, वाल्मीकिरामायण, विष्णुपुराण आणि श्रीमद्भागवत या ग्रंथांच्या आधारे येथे सांगितल्या आहेत. श्रीधराच्या रामविजय, हरिविजय आणि पांडवप्रताप या ग्रंथांनी ज्यांचे बालपण श्रावणातल्या पोथीवाचनात घडवले, त्यांना यांतील कित्येक प्रसंग परिचित वाटतील. परंतु परिचयामुळेच आपण ज्या गोष्टींपाशी थांबत नाही, तेथे वाचकाला थोडे थांबवावे, एवढ्यासाठी या प्रस्तावनेचा प्रपंच.

प्रथम शब्दाचा विचार करू. अधर्मी राजा म्हणजे देवपूजा न करणारा राजा, असा एक भाबडा समज आपल्याकडे दृढ आहे, आणि पुराणेच त्याला छेद देतात. हिरण्यकशिपूने मंदराचलाच्या दरीत पायाच्या अंगठ्यांवर उभे राहून, अंगावर वारूळ चढेपर्यंत तप केले. रावणाने आपली मस्तके एकामागून एक अग्नीत अर्पण केली. भस्मासुराला तर साक्षात शंकर प्रसन्न झाला होता. भक्ती, तपश्चर्या, पराक्रम, विद्या यांत हे लोक आपल्यापेक्षा फार पुढे होते, हे मान्य केल्यावाचून त्यांच्या कथांना हात घालता येत नाही. मग त्यांना ईश्वरापासून दूर कशाने नेले?

माझ्या अल्प मतीप्रमाणे याचे उत्तर आपल्या जुन्या महसुली भाषेत सापडते. सरकारातून सनद मिळे ती काही कामाबद्दल आणि काही अटींवर मिळे. धनी बदलला की ती नव्याने करून घ्यावी लागे आणि अटी मोडल्या तर मुलूख जप्त होई. सनदेवर मिळालेल्या गोष्टीला जो आपली खासगी मिळकत समजू लागे, त्याच्या घरी आज ना उद्या जप्तीचा कारकून येई. पुराणांतील प्रत्येक वर ही अशीच एक सनद आहे. राज्य, बळ, आयुष्य, विद्या हे सारे कोणीतरी कशासाठी तरी दिलेले असते, आणि ते दिलेले आहे याचा ज्या क्षणी राजाला विसर पडतो, त्या क्षणी त्याच्या अधर्माला प्रारंभ होतो. पूजेचे ताम्हन त्याच्या देवघरात तेव्हाही घासूनपुसून ठेवलेले असते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात अविनयामुळे नष्ट झालेल्या राजांची जी यादी आहे, तीत वेन आणि नहुष हे दोघे प्रामुख्याने येतात, आणि विनयाने राज्य मिळवणाऱ्यांत पृथूचे नाव येते. विनय म्हणजे केवळ नम्रपणे बोलणे नव्हे. आपण कोणाचे देणे लागतो याची अखंड जाणीव, हा त्याचा अर्थ या कथांतून निघतो.

या दृष्टीने वेनाची कथा पुस्तकाच्या अग्रभागी ठेवली आहे. अंग नावाचा सत्शील राजा मुलाच्या क्रौर्याला कंटाळून एका रात्री घरदार सोडून निघून गेला. राज्य निर्नायक झाले तेव्हा चोराचिलटांच्या भयाने ऋषींनी स्वतःच त्या मुलाला, म्हणजे वेनाला, गादीवर बसवले. पहिली सनद ही अशी प्रजेच्या रक्षणाकरिता दिली गेली. वेनाने मात्र भेरी पिटून आज्ञा फिरवली की यज्ञ नको, दान नको, पूजा करावयाची तर माझी करा, कारण सर्व देव राजाच्या देहात वसतात. ऋषींनी समजावून पाहिले आणि शेवटी त्याचा वध केला. येथे बहुतेक कीर्तनकार कथा संपवतात. भागवतकार मात्र पुढे सांगतात की, वेन गेल्यावर राज्यात पुन्हा लुटालूट माजली, धुळीचे लोट उठले, आणि दुष्ट राजाला दूर करणे म्हणजे राज्य सावरणे नव्हे हे त्या ऋषींना कळून चुकले. मग त्यांनी वेनाच्या मृत देहाचे मंथन केले. मांडीतून एक ठेंगणा, काळासावळा पुरुष निघाला. मी काय करू, असे त्याने दीनपणे विचारले, आणि खाली बैस, असे ऋषींनी त्याला सांगितले. त्यावरून तो निषाद झाला, आणि वेनाचे सारे पाप त्याने आपल्या अंगावर घेतल्यामुळे त्याचे वंशज अरण्यात व डोंगरांत राहू लागले, असे पुराण म्हणते.

जव्हार-मोखाड्यात बसून हा कथाभाग वाचताना माझे मन प्रत्येक वेळी येथेच अडखळते. पाप केले राजाने. ते वाहायला मिळाले रानात राहणाऱ्याला. ज्याचा जन्मच राजाच्या मृत्यूनंतरचा, त्या बिचाऱ्याने कोणता यज्ञ बंद पाडला होता? ही कथा वनवासी जनांच्या हीन स्थितीचे समर्थन म्हणून पूर्वी कोणी सांगितली असेल, तर त्या समर्थनाला माझा कडाडून विरोध आहे. परंतु हीच कथा आरोपपत्र म्हणून वाचली, तर तिच्याइतके सत्य दुसऱ्या कोणत्याही कथेत नाही. वरच्या माणसाचा अविवेक नेहमी खालच्याच्या खांद्यावर उतरतो. भात झोडून झाले आणि दिवाळी सरली की या तालुक्यांतील पाड्यांची दारे बंद होऊ लागतात. आगाऊ घेतलेल्या उचलीच्या रकमेपायी कुटुंबेच्या कुटुंबे, तान्ह्या मुलांसह, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. खाली बैस, ही आज्ञा अजून कोणी मागे घेतलेली नाही.

वेनाच्या बाहूंतून नंतर पृथू निघाला, आणि तो अधर्मी नसला तरी त्याला या पुस्तकात जागा दिली आहे, कारण सरळ रेघ शेजारी ओढल्यावाचून वाकड्या रेघेचा वाकडेपणा नजरेत भरत नाही. राज्याभिषेक होताच भाट स्तुती गाऊ लागले, तेव्हा ज्या गुणांचा अद्याप प्रत्ययच आलेला नाही त्यांची स्तुती कशी करता, असे म्हणून पृथूने त्यांना थांबवले. भुकेने वाळलेली प्रजा दारी आली, तेव्हा धान्याची बीजे पृथ्वीनेच गिळून टाकली आहेत असे कळून तो धनुष्य घेऊन तिच्या मागे धावला. गाईचे रूप घेतलेल्या पृथ्वीने त्याला जे सांगितले, ते माझ्या मते सबंध राजधर्माचे सार आहे. अधर्मी लोक माझे धान्य भोगीत होते आणि माझे रक्षण कोणी करीत नव्हते, म्हणून मी ते पोटात दडवले. आता योग्य वासरू आण, योग्य भांडे आण, मग मी पान्हा सोडते. आमच्याकडचा वारली ज्या धान्यदेवीला कणसरी म्हणून पुजतो, तिची आठवण मला हा प्रसंग वाचताना हटकून होते. कारण दाणा ही बाजारातली वस्तू नसून रुसू शकणारी देवता आहे, हा भाव दोन्हीकडे एकच आहे.

वासरू कोणते, हा प्रश्न पुराणाने विचारून ठेवला आहे आणि तो जुना होत नाही. 1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सबंध महाराष्ट्राला या गावांची नावे प्रथमच कळली. ज्या भूमीत नागली पिकते, वरई पिकते, पावसाळाभर डोंगर धबधब्यांनी पांढरे होतात, त्या भूमीत पान्हा आटला होता असे कसे म्हणावे? वैतरणेचे पाणी दीर्घकाळ मुंबईची तहान भागवीत आले आहे. मोखाडा तालुक्यात कोचाळ्यापाशी बांधलेले मध्य वैतरणा धरण 2014 मध्ये कार्यान्वित झाले, आणि त्याच तालुक्यातील बायाबापड्या चैत्र-वैशाखात हंडे घेऊन खोल झऱ्यांच्या कडेला ताटकळत उभ्या असतात. मुंबईकराच्या तहानेवर माझा रोष नाही, तोही पृथ्वीचेच लेकरू. परंतु गाईच्या पायाशी उभे असलेले वासरू उपाशी ठेवून काढलेल्या धारेला आपल्या परंपरेत दोहन म्हणत नाहीत. राजधर्माची परीक्षा महालात होत नसते. ती कोठारात आणि पाणवठ्यावर होत असते.

हिरण्यकशिपूच्या कथेतील बोध याहून सूक्ष्म आहे. मनुष्याकडून नको, पशूकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. भूमीवर नको, आकाशात नको, अशी मरणाची एकेक वाट त्याने कलमवार बुजवून घेतली. कोणत्याही निष्णात वकिलाने वाखाणावा असा तो दस्तऐवज आहे. आणि तरीही दोन कलमांच्या मधल्या उंबऱ्यावर, दोन प्रहरांच्या मधल्या संध्याकाळी, मनुष्य आणि पशू यांच्या मधल्या रूपाने त्याचा हिशेब पुरा झाला. कायद्याचे अक्षर पाळून न्याय बुडवणाऱ्या प्रत्येक सत्तेला ही कथा उद्देशून आहे. सारे कागद बिनचूक असताना आदिवासीची जमीन हातोहात जाते, सर्व रकाने भरलेले असताना मूल उपाशी राहते, तेव्हा आपण नेमके त्या उंबऱ्याच्या अलीकडे उभे असतो. मात्र कथेचा कळस मला पुढे दिसतो. नृसिंहाने वर माग म्हटल्यावर प्रल्हादाने आपल्या पित्याची पापातून मुक्तता मागितली. वाल्मीकींच्या रामानेही रावण पडल्यावर, वैर मरणापाशी संपले असे सांगून, बिभीषणाकडून त्याचे अंत्यसंस्कार यथाविधी करविले. अधर्माचा नाश आणि अधर्म्याचा द्वेष या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी अशा वेगळ्या ठेवल्या, आणि दैत्याच्या मुखवट्याची पूजा बोहाड्यात का होते, याचा उलगडा मला या दोन प्रसंगांनी होऊ लागला.

नहुषाचे राज्य तर अक्षरशः उसने होते. वृत्रवधानंतर इंद्र लपून बसला, आणि देवांनी व ऋषींनी या पृथ्वीवरच्या राजाला स्वर्गाची गादी देऊ केली. मी दुर्बळ आहे, असे तो प्रथम प्रामाणिकपणे म्हणाला. तेव्हा जो जो तुझ्या दृष्टीस पडेल त्याचे तेज तुला मिळेल, असा वर त्यांनी दिला. दुसऱ्यांच्या तेजावर उजळलेला हा दिवा काही काळाने स्वतःला सूर्य समजू लागला, इंद्रपत्नी शचीचा त्याने अभिलाष धरला, आणि ज्यांनी त्याला बसवले त्याच ऋषींच्या खांद्यावर पालखी देऊन त्याने त्यांना वेठीस धरले. अगस्त्यांना लाथ लागली आणि पालखीतला राजा अजगर होऊन खाली कोसळला. पुढे वनपर्वात तोच अजगर भीमाला विळखा घालतो. आणि ब्राह्मण कोण, या त्याच्या प्रश्नाला, सत्य, दान, क्षमा हे गुण ज्याच्या ठायी दिसतील तो, मग जन्म कुठला का असेना, असे उत्तर युधिष्ठिर देतो. त्या संवादाने नहुष मुक्त होतो. जी माणसे वरून त्याला केवळ वाहक दिसत होती, त्यांची खरी योग्यता ओळखण्यासाठी त्याला जमिनीवर सरपटावे लागले.

हा अनुभव केवळ भारतवर्षाचा नाही. कोकणच्या किनाऱ्यावर कित्येक पिढ्या मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्रायल समाजाच्या प्राचीन शास्त्रात अहाब राजाची कथा आहे. राजवाड्याला लागून असलेला नाबोथाचा द्राक्षमळा त्याला भाजीच्या वाफ्यांसाठी हवा होता. वाडवडिलांचे वतन मी विकणार नाही, असे नाबोथाने सांगितल्यावर राजा रुसून अन्नाला शिवेना. आणि राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडांनी ठार करविले, तेव्हा संदेष्टा एलीया त्याच मळ्यात राजाला जाब विचारायला उभा ठाकला. त्याच शास्त्रातील मिसरचा फारो वेठबिगारांना गवत देणे बंद करतो आणि विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच मागतो. विटांचा हिशेब करणारा राजा आणि विटा पाडणारे परमुलखातले लोक हे चित्र या डोंगरातल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही.

अखेरचे प्रकरण बळीचे आहे, आणि अधर्मी राजांच्या पंगतीत त्याला का बसवले असा प्रश्न मराठी वाचक विचारील; तो त्याने विचारावा, अशीच माझी इच्छा आहे. कुळाने तो दैत्य, हिरण्यकशिपूचा पणतू. तरीही महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरी दिवाळीत त्याचेच राज्य परत यावे असे मागणे मागितले जाते, आणि जोतीराव फुल्यांनी तर त्याला कष्टकऱ्यांचा आदिराजा मानले. देवांच्या दप्तरात कोणाची नोंद कशी झाली याकडे न पाहता, रयतेने आपला निवाडा स्वतंत्रपणे दिला, याचे हे उदाहरण. पुराणाचा साक्षीपुरावाही रयतेच्या बाजूचाच आहे. शुक्राचार्यांनी सावध करूनही बळीने वामनाला तीन पावले जमिनीचा दिलेला शब्द फिरवला नाही, आणि तिसऱ्या पावलाला जागा उरली नाही तेव्हा त्याने आपले मस्तक पुढे केले. या साऱ्या राजांत मुकुट स्वतःच्या हाताने उतरवणारा असा तो एकटा.

योगायोग असा की, जव्हारच्या राज्याच्या उगमाची आख्यायिकाही जमीन मोजण्याचीच आहे. जयबा मुकण्यांनी बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि कातड्याची बारीक वादी काढून तिने डोंगर वेढला, असे सांगतात. कार्थेजच्या राणीविषयीही हीच गोष्ट पश्चिमेकडे प्रसिद्ध आहे. 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने जयबांचे पुत्र नेमशहा यांना राजा म्हणून मान्यता दिली. सहाशे वर्षे हे संस्थान टिकले, शेजारचा मोखाडा इंग्रजी अंमलाखाली शहापूर तालुक्याचा पेटा होता, आणि 1948 मध्ये जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे 1962 मध्ये भिवंडी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. पूर्वी दिल्लीहून आलेली सनद त्यांच्या घराण्याने मिरवली होती. ही नवी सनद मात्र रयतेच्या मतपेटीतून आली, आणि पाच वर्षांची मुदत तिच्यावर स्पष्ट लिहिलेली होती. कातड्याच्या वादीने मिळालेले आणि तीन पावलांनी गेलेले राज्य या दोन गोष्टींमध्ये राजसत्तेचा सारा इतिहास मावतो, असे मला कधी कधी वाटते.

आज मुकुट नाहीत, मग या कथांचे प्रयोजन काय, असे कोणी म्हणेल. मुकुट नाहीत हे खरे, पण सनदा उदंड झाल्या आहेत. ग्रामपंचायतीचा शिक्का, तलाठ्याची लेखणी, मास्तरांची छडी, ठेकेदाराच्या हातातली हजेरीची वही, घरातल्या कर्त्या पुरुषाचा आवाज, या सगळ्या मुदतीच्या सनदा आहेत, आणि त्यांतली एखादी आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती असते. म्हणून वाचकाला माझी एक विनंती आहे. वेन किंवा नहुष यांच्या कथा वाचताना दुसऱ्या कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे आणू नये. मी स्वतः तसे करून पाहिले. त्याने राग तेवढा वाढला, शहाणपण वाढले नाही. शिक्षकाच्या नात्याने मुलांवर गाजवलेला अधिकार आठवला, तेव्हा कुठे या कथांनी माझ्याशी बोलायला सुरुवात केली.

बोहाड्यातला रावण आपल्यापैकीच असतो, हे म्हणूनच फार महत्त्वाचे आहे. रात्रभर त्याच्या दहा तोंडांना वाट करून दिली जाते, लहान मुले त्याला पाहून आईच्या पदराआड दडतात, सांबळ त्याच्या पावलांबरहुकूम वाजतो. सोंगाचा फेरा पुरा होताच तो मुखवटा खाली उतरतो, आतला घामाघूम माणूस मोकळा श्वास घेतो, आणि त्याला आधी पाणी दिले जाते. गावाने त्याला रावणपण दिले होते ते एका फेऱ्यापुरते, आणि ते परत घेताना त्याच्यातला माणूस सुखरूप राखला. पुराणांतल्या राजांना अशी वेळेवर मुखवटा उतरवून घेणारी माणसे लाभली नाहीत, किंवा लाभली तेव्हा त्यांनी ती तुरुंगात टाकली. आपल्याला ती लाभावीत, आणि आपणही कोणासाठी तरी तशी व्हावीत, एवढ्या प्रार्थनेसह हे पुस्तक मी वाचकांच्या स्वाधीन करतो.

जव्हार, रंगपंचमी